गोदरेजच्या कपाटातला पीएम रिपोर्ट

पत्राचा सारांश: पत्रलेखक इंदूरचे, वय 46, सुदामानगरात राहतात. सात महिन्यांपूर्वी त्यांचा 39 वर्षांचा धाकटा भाऊ सकाळी बॅडमिंटन खेळता खेळता कोसळला. जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं. तिथे 'ब्रॉट डेड', म्हणजे आणलं तेव्हाच मृत, असं लिहून पोलिसांना कळवलं गेलं. काकांचं म्हणणं होतं की 'आम्हाला पीएम (पोस्टमॉर्टम) करवायचं नाही' असा अर्ज दे, ओळखीने सुटेल. पत्रलेखकांनी तो अर्ज दिला नाही. सरकारी रुग्णालयात पोस्टमॉर्टम झालं आणि संध्याकाळी पंचकुइयाला अंत्यसंस्कार झाले. तेराव्याला आई म्हणाली, "माझ्या लेकराला फाडायला लावलंस. त्याला आता गती कशी मिळेल?" तेव्हापासून ती त्यांच्या हातून चहाचा कप घेत नाही. ते कप ठेवून बाहेर गेले की मग उचलते.

तीन महिन्यांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला. हृदयाचं वजन 540 ग्रॅम, मधला पडदा 26 मिलिमीटर जाड, स्नायुतंतूंची रचना विस्कळीत. ओळखीचे डॉक्टर म्हणाले, घरातल्या सगळ्यांना तपासा. भावजय हा विषयच काढू देत नाही. तिला 13 वर्षांचा मुलगा आहे, तो मल्लखांब करतो, आणि 9 वर्षांची मुलगी. देवासच्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलंय, म्हणून तुळशीचं लग्न होऊन मुलीचं पार पडेपर्यंत 'ही भानगड नको' असं बहीण म्हणते. पत्राच्या शेवटी दोन उल्लेख ओझरते आहेत. एक, दोन वर्षांपूर्वी पातालपाणीला चढ चढताना भावाला चक्कर आली होती आणि भावजयीने ती उपवासाची समजून लिंबूपाणी दिलं होतं. दुसरा, वडील 1994 मध्ये 47व्या वर्षी दुकानात बसल्या बसल्या गेले. प्रश्न असे: "मी चुकलो का? आणि रिपोर्ट लग्न होईपर्यंत कपाटातच राहू देऊ का?"

----

तुमचं पत्र दोनदा वाचलं. चूक-बरोबर नंतर बघू. आधी एक काम सांगते, ते आजच करा. पुतण्याचा मल्लखांब आणि शाळेतली पळापळ थांबवा. कायमची नाही, त्याचा इसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) होऊन हृदयरोगतज्ज्ञ हो म्हणेपर्यंत. कारण विचारलं तर "बाबांसारखं तुझंही हृदय एकदा बघून घेऊ" एवढं सांगा. तेरा वर्षांच्या मुलाला खरं कारण चालतं. न सांगता सोडलं की तो स्वतःच भलतंसलतं कारण रचतो.

आता रिपोर्टकडे येऊ. मी एकतीस वर्षं पॅथॉलॉजी शिकवली, त्यामुळे त्या तीन ओळी वाचताना तो टेबल माझ्या डोळ्यांसमोर आला. हृदय बाहेर काढलं की आधी आतल्या गुठळ्या धुऊन काढतात आणि मगच ते काट्यावर ठेवतात, नाहीतर वजन खोटं येतं. प्रौढ पुरुषाचं हृदय साधारण 300 ग्रॅमचं असतं. मग टोकाकडून काकडीच्या चकत्या कराव्यात तसे आडवे काप घेतात. निरोगी हृदयात डाव्या कप्प्याची भिंत बारा-तेरा मिलिमीटरच्या आत असते आणि मध्ये चांगली ऐसपैस पोकळी दिसते. तुमच्या भावाच्या हृदयात मधला पडदा त्याच्या दुप्पट होता. म्हणजे पोकळी खाचेएवढी उरली असणार. त्यावर सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूंचे तंतू एका दिशेने जाण्याऐवजी एकमेकांत घुसलेले, जणू मागावरचा ताणा कुणीतरी हात घालून विस्कटलाय. या सगळ्याला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी म्हणतात. मराठीत सोपं नाव नाही. 'जाड हृदयाचा आजार' म्हणा.

पाचशे माणसांत साधारण एकाला हा आजार असतो. बहुतेक जण धडधाकट जगतात, काहींना म्हातारपणापर्यंत पत्ताही लागत नाही. थोड्यांच्या हृदयाची लय मेहनतीच्या वेळी किंवा एरवीही अचानक बिघडते आणि काही मिनिटांत सगळं संपतं. आणि हा आजार घराण्यातून येतो. ज्याला आहे त्याच्या प्रत्येक मुलाला, मग मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता अर्धी असते.

हा आजार वैद्यकाला नीट कळला तोच पोस्टमॉर्टमच्या टेबलावर. 1958 मध्ये लंडनचे डोनाल्ड टीअर यांनी आठ तरुणांच्या हृदयांचं वर्णन छापलं. बहुतेक जण अचानक गेलेले, आणि पडदा असाच बेढब जाड. तेव्हा आजच्यासारखा इको नव्हताच. आधी टेबलावर दिसलं, मग यंत्र आल्यावर जिवंत माणसात शोधता आलं. तुमच्या भावाच्या बाबतीतही क्रम तोच झाला आहे. पुढचा भाग तुमच्या घरात अजून व्हायचाय.

मी चुकलो का, असं तुम्ही विचारता. यात तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे: पोस्टमॉर्टम तुमच्यामुळे झालं. तसं नाही. मेलेल्या अवस्थेत आणलेल्या, आधी कुठलाही आजार माहीत नसलेल्या 39 वर्षांच्या माणसाच्या मृत्यूचं कारण त्या ड्युटीवरच्या डॉक्टरला प्रामाणिकपणे लिहिताच येत नाही. म्हणून पोलिसांना कळवतात, मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) कायम होतो, पंचनामा होतो. कारणाबद्दल शंका असेल तर मृतदेह तपासणीला पाठवणं हे पोलीस अधिकाऱ्याचं काम आहे. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 खाली होत असे, 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली होतं. नातेवाइकांची संमती इथे लागत नाही. त्यांनी विनंती केली म्हणून अधिकारी कधी कधी सोडतात, ते वेगळं. तुम्ही फक्त ती विनंती केली नाहीत. आईच्या डोळ्यांत मात्र सुरी तुमच्या हातात आहे, कारण पोलिसावर रागावता येत नाही. मुलावर येतं.

अर्ज दिला असता तर तुमच्या हाती काय उरलं असतं तेही बघा. 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन.' आपल्या वर्तमानपत्रांतल्या निधनवार्ता वाचल्या तर असं वाटावं की मराठी माणूस दोनच कारणांनी मरतो, तीव्र झटक्याने नाहीतर अल्पशा आजाराने. 'हृदयक्रिया बंद पडून' हे तर कारणच नव्हे. हृदयक्रिया सगळ्यांचीच बंद पडते. झटका म्हटलं की घरचे काय करतात? तूप बंद, सराफ्यातली जिलेबी बंद, सगळ्यांचं कोलेस्टेरॉल तपासून मोकळे. तुमच्या पुतण्याचं कोलेस्टेरॉल उत्तम आलं असतं आणि तो दुसऱ्या दिवशी खांबावर चढला असता.

त्या दिवशी पोस्टमॉर्टम करणाऱ्या ड्युटी डॉक्टरचंही नाव न घेता कौतुक करायला हवं. पोलिसी पोस्टमॉर्टमचा मुख्य प्रश्न असतो की घातपात आहे का, विष आहे का. ते नाही असं दिसलं की घाईच्या दिवशी 'नैसर्गिक' लिहून हात धुणं सोपं असतं. त्या माणसाने हृदय जड लागलं म्हणून ते फॉर्मॅलिनमध्ये (अवयव टिकवणाऱ्या द्रावणात) घालून पॅथॉलॉजीला पाठवलं. हे दर वेळी होत नाही.

तुमचे काका म्हणाले, "एमआरआयच्या जमान्यात फाडून काय बघायचं?" काकांना राग येणार नाही अशा बेताने सांगते: हा समज काकांचा एकट्याचा नाही, माझ्या अर्ध्या सहकाऱ्यांचाही होता. 1983 मध्ये बॉस्टनच्या एका शिक्षण-रुग्णालयाचा अभ्यास छापून आला. त्यांनी 1960, 1970 आणि 1980 या तीन वर्षांतली शंभर-शंभर शवविच्छेदनं घेतली. मधल्या वीस वर्षांत सोनोग्राफी आली, सीटी स्कॅन आलं. तरी तिन्ही खेपेला साधारण दहा टक्के रुग्णांत असा मोठा आजार सापडला की जो जिवंतपणी कळला असता तर उपचार बदलले असते आणि कदाचित आयुष्य वाढलं असतं. आता, ज्यांचं शवविच्छेदन होतं ते मुळात कोड्यात टाकणारे रुग्ण असतात, त्यामुळे 'दहातल्या एकाला डॉक्टर चुकतात' असा अर्थ काढू नये. 2003 मध्ये अशा 53 अभ्यासांचा एकत्र आढावा आला. त्यात दशकागणिक चुका कमी होत गेल्याचं दिसलं, पण त्या संपल्या नव्हत्या. स्कॅन फार काही दाखवतो. काय बघायचंय हे सुचलं तरच तो काढला जातो, ही खरी अडचण आहे. तुमच्या भावाचा तरी कधी कुणी इको सुचवला होता?

आमच्या कॉलेजात सीपीसी, म्हणजे क्लिनिको-पॅथॉलॉजिकल कॉन्फरन्स, व्हायची. मेडिसिनचे लोक आधी रुग्णाची हकिगत सांगून निदान जाहीर करायचे, आणि शेवटी पॅथॉलॉजीवाला उठून ट्रेवरचं फडकं काढायचा. एका बाईंवर महिनोन्महिने क्षयाचे उपचार झाले होते. छातीत पाणी, ताप, दम, सगळं जुळत होतं. टेबलावर दिसलं ते असं: पायातल्या शिरांमधून सुटलेल्या रक्ताच्या गुठळ्या एकामागून एक फुप्फुसात जाऊन बसलेल्या. क्षयाचा मागमूस नाही. सभागृहात कुणी बोलेना. त्या बाईंवर उपचार करणारे आमचे ज्येष्ठ डॉक्टर उठले, म्हणाले, "मी पायांकडे बघितलंच नाही." दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या कोटाच्या खिशात शिंप्याची मोजपट्टी आली. दम लागलेला प्रत्येक रुग्ण आला की दोन्ही पोटऱ्या मोजायचे. विद्यार्थी हसायचे. निवृत्तीच्या दिवशीही ती पट्टी खिशात होती.

अशा सभा आता विरळ झाल्या आहेत. पोलिसी पोस्टमॉर्टम रोज होतात, पण आजार समजून घेण्यासाठी घरच्यांच्या संमतीने होणारं शवविच्छेदन बहुतेक रुग्णालयांत जवळपास थांबलंय. त्याचा खर्च कुणाच्या बिलात बसत नाही, चूक उघडी पडली तर कोर्टाची भीती असते, आणि रडणाऱ्या बायकोला ते विचारायचं कसं हे आम्ही विद्यार्थ्यांना कधी शिकवलंच नाही. हा दोष आमचा. आणि ते थांबलं की काय होतं हे कोविडच्या पहिल्या वर्षाने दाखवलं. सगळं जग फुप्फुसांकडे बघत असताना जर्मनीत हॅम्बुर्गला पहिल्या बारा मृतांचं शवविच्छेदन झालं. सात जणांच्या पायांच्या शिरांत गुठळ्या निघाल्या, ज्यांची जिवंतपणी शंकाही आली नव्हती, आणि चार जण त्या गुठळ्या फुप्फुसात जाऊनच गेले होते. रक्त पातळ ठेवण्याच्या उपचाराकडे डॉक्टरांचं लक्ष गेलं त्यात अशा निरीक्षणांचा वाटा मोठा होता.

काकांसाठी आणखी एक. न कापताही पोस्टमॉर्टम होतं. दिल्लीच्या एम्समध्ये 2021 पासून सीटीच्या मदतीने करतात. हाडं, गोळी, रक्तस्राव त्यात छान दिसतं, आणि ज्या घरांना चिरफाड सहनच होत नाही त्यांच्यासाठी ती मोठी सोय आहे. पण तंतू एकमेकांत घुसलेत की सरळ आहेत, हे सीटीत दिसत नाही. तुमच्या रिपोर्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ त्यातून मिळाली नसती.

आता आई.

तुम्ही लिहिलंय, "तिला कसं पटवू?" मला वाटतं, पटवायला जाऊ नका. तिच्याशी तुम्ही हरलात किंवा जिंकलात, दोन्ही वाईट. ती शास्त्राविषयी भांडत नाहीये. तिला एक चित्र छळतंय, आणि ते चित्र खऱ्यापेक्षा भयानक आहे, कारण तिला कुणी काही सांगितलेलंच नाही. सांगा. शांतपणे, विचारेल तेवढंच. चेहऱ्याला हात लागत नाही. छातीपासून पोटापर्यंत एक छेद असतो, डोक्यावरचा छेद कानामागून केसांत जातो. अवयव पाहून आत ठेवतात, तपासणीला लागतो तेवढाच भाग राखतात, टाके घालतात, अंग पुसतात. तुम्ही त्याला आंघोळ घातलीत, धोतर नेसवलंत, तोंडात तुळशीपत्र ठेवलंत, यातलं काहीही अडलं नव्हतं. तिने दुरून फक्त पांढरं कापड पाहिलं.

आणि गतीबद्दल तिच्याच भाषेत बोला. सुश्रुतसंहितेत शरीर शिकू पाहणाऱ्याला प्रेत कसं पाहायचं ते सविस्तर सांगितलंय: मुंज गवत, कुश, साल असं काही गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, नदीच्या पाण्यात सात रात्री ठेवायचं आणि मग वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने एकेक थर हळूहळू घासत डोळ्यांनी पाहायचं. शास्त्रात वाचलेलं आणि प्रत्यक्ष पाहिलेलं, दोन्ही जुळलं की ज्ञान वाढतं, असं तिथे म्हटलंय. त्या ग्रंथात हे पाप मानलेलं नाही. शिवाय तुम्हीच लिहिलंय की आईने स्वतः नेत्रदानाचा फॉर्म भरलाय. इंदूरला हे नवं नाही. अवयवांसाठी इथे ग्रीन कॉरिडॉर होतो तेव्हा लोक रस्त्याच्या कडेला उभे राहतात. डोळे दिले तर गती अडत नाही हे तिला मान्य आहे, मग नातवासाठी मुलाने आपलं हृदय पाहू दिलं, असं तिला सांगून बघा. एकदाच. चहाचा कप ती लगेच घेणार नाही. घेतला नाही तरी ठेवत राहा.

भावजयीचं मात्र मला वेगळं वाटतं, आणि इथे तुमच्या वाचनाला मी थोडी हरकत घेते. तुम्ही लिहिता, ती 'जुन्या विचारांची' आहे म्हणून ऐकत नाही. पण तुमच्याच पत्रात, एका ओळीत, पातालपाणीची चक्कर आहे. लिंबूपाणी आहे. जिच्या नवऱ्याला तिच्यासमोर चक्कर आली आणि तिने उपवास म्हणून सोडून दिली, तिला त्या रिपोर्टमध्ये काय लिहिलेलं असेल असं वाटत असेल? मला वाटतं ती आजाराला नाही, त्या लिंबूपाण्याला घाबरतेय. तुम्ही जितक्या वेळा 'रिपोर्ट' म्हणता, तितक्या वेळा तिला 'तुला कळलं कसं नाही' असं ऐकू येत असेल.

म्हणून तिला रिपोर्ट वाचून दाखवू नका. आधी हे सांगा की त्या चक्करेला जवळपास कुणीही उपवासच म्हटलं असतं, डॉक्टरनेसुद्धा. मग सांगा, पोरांचा इको करायचाय, मी बरोबर येतो, वीस-पंचवीस मिनिटांचं काम आहे, सुईसुद्धा लागत नाही. पोटाच्या सोनोग्राफीसारखंच, फक्त जेली छातीवर. तिला एकटीला नेऊ नका, तिच्या आवडीचं एक माणूस सोबत असू द्या, तिची बहीण वगैरे. आणि निकाल चांगला आला तरी हे एकदाच करून संपत नाही, तेही आत्ताच सांगून ठेवा. हा जाडपणा वयात येताना उमटू शकतो, म्हणून मुलांना वाढीच्या वयात दर एक-दोन वर्षांनी तपासतात, मोठ्यांना तीन ते पाच वर्षांनी. निकाल वाईट आला तर उपाय आहेत. गोळ्या आहेत, खेळ निवडण्याचं मार्गदर्शन आहे, धोका जास्त असेल तर लय बिघडताच धक्का देणारं छोटं यंत्र छातीत बसवतात. तुमच्या भावाला यातलं काहीही मिळालं नाही, कारण कुणाला माहीत नव्हतं.

देवासच्या बहिणीचा प्रश्न तुम्ही नको तितका अवघड करून ठेवलाय. भाचीचं नाव आत्ता येतच नाही. आधी बहिणीला तपासायचं, कारण आजार मधली पायरी सहसा गाळत नाही. बहिणीचा इको स्वच्छ असेल, आणि पुढे भावाचा जनुकीय दोष सापडून बहिणीत तो नाही असं ठरलं, तर भाची मोकळी. बहिणीतच काही निघालं तर मग भाची. ती 24 वर्षांची आहे, नोकरी करते. तिच्या हृदयाबद्दल मामाने आणि आईने परस्पर गुपित ठेवायचं, हे मला पटत नाही. पुढे दिवस राहण्याआधी तिला हे माहीत असणं फार गरजेचं आहे. असा आजार असलेल्या बहुतेक स्त्रियांची बाळंतपणं नीट होतात, पण डॉक्टरला आधी माहीत असलं तर. सासरी काय आणि केव्हा सांगायचं ते तिचं तिने ठरवावं. आत्ता कुणापासून काही लपवायचंच नाहीये, कारण अजून काही सापडलेलंच नाही. एक इको करून घ्यायला मुहूर्त लागत नाही, एवढं बहिणीला कळवा.

जनुकाबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. रक्ताची जनुकीय तपासणी आधी आजारी माणसाची करतात, मग सापडलेला दोष इतरांत शोधतात. तुमचा भाऊ नाही, पण त्याच्या हृदयाचे तुकडे मेणात बसवून केलेले ठोकळे पॅथॉलॉजी विभागात असतील. ते वर्षानुवर्षं टिकतात. विभागप्रमुखांच्या नावे साधा अर्ज द्या: कुटुंबाच्या तपासणीसाठी ठोकळे जपून ठेवावेत. अर्जावर मर्ग क्रमांक आणि पोस्टमॉर्टमची तारीख घाला, त्याशिवाय त्या खोलीत काही सापडत नाही, हे मी अनुभवाने सांगते. फॉर्मॅलिनमुळे त्यातला डीएनए तुटका असतो, चाचणी दर वेळी जमेलच असं नाही. जमली तरी प्रत्येक घराण्यात दोष सापडतोच असंही नाही, आणि तेव्हा इकोवरच भिस्त ठेवावी लागते. 2009 मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या संशोधकांनी सहकाऱ्यांबरोबर हृदयस्नायूच्या एका जनुकातला असा बदल दाखवला जो भारतीय उपखंडात शंभरात साधारण चौघांत असतो. तुमच्या कुणाच्या रिपोर्टात तो आला तर लगेच घाबरू नका, तो असलेले खूप जण ठणठणीत असतात. अर्थ हृदयरोगतज्ज्ञाकडून लावून घ्या, मोबाइलवरून नको.

इतर वाचकांकडून मला याच विषयावर वरचेवर पत्रं येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. रुग्णालयात माणूस गेला, पोलिसांचं प्रकरण नाही, पण कारण पटत नाहीये, तर जवळचा नातेवाईक शवविच्छेदन मागू शकतो. ते मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात होण्याची शक्यता जास्त, छोट्या दवाखान्यात सहसा सोय नसते. सगळं नको असेल तर 'फक्त हृदय' किंवा 'फक्त पोट' अशी मर्यादित संमतीही देता येते, आणि काही ठिकाणी जाड सुईने नुसते तुकडे घेऊनही तपासणी करतात. संमतीपत्रावर सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा: रिपोर्ट कुणाच्या नावे आणि कधी मिळेल, आणि तो समजावून कोण सांगेल. दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून रिपोर्ट कपाटात जातात. चाळिशीच्या आतलं माणूस अचानक गेलं असेल आणि पोलिसी पोस्टमॉर्टम होणार असेल, तर डॉक्टरांना हात जोडून सांगा की हृदय पॅथॉलॉजीला पाठवा आणि थोडं रक्त जनुकीय तपासणीसाठी राखा. कधी कधी हृदय दिसायला अगदी साधं असतं आणि दोष फक्त विजेच्या वायरिंगमध्ये असतो. तेव्हा ते रक्तच काय ते बोलतं. देहदानाचा संकल्प असेल तर एवढं लक्षात असू द्या की पोस्टमॉर्टम झालेला देह शरीररचनेच्या विभागात सहसा घेत नाहीत. नेत्रदान मात्र होऊ शकतं, पण सहा तासांच्या आत, आणि पोलिसांचं प्रकरण असेल तर त्यांच्या परवानगीने.

परत तुमच्याकडे येते. वडिलांचा उल्लेख तुम्ही सहज करून गेलात: 47 वर्षं, दुकानात, बसल्या बसल्या. तोच आजार होता असं मी म्हणू शकत नाही, कुणीच म्हणू शकणार नाही, कारण 1994 च्या त्या दिवसाचा एकही कागद नाही. तेव्हा कुणी पाहिलं असतं तर, हा हिशेब मांडत बसू नका, आणि आईसमोर तर मुळीच नाही. हृदयरोगतज्ज्ञाला मात्र ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगा. घराण्याचा तक्ता काढताना ते वडिलांच्या नावाचा चौकोन भरतील आणि पुढच्या तपासण्या त्यावरून ठरतील. आईचाही इको सांगतील, तिची समजूत घालायला तेव्हा ते आहेत.

आणि मोठी चार पानं लिहिलीत, त्यात पुतण्या आहे, पुतणी आहे, बहीण, भाची, आई, सगळे आहेत. एक नाव नाही. तुम्ही त्याचे सख्खे भाऊ आहात, 46 वर्षांचे. वडील गेले त्या वयाला एक वर्ष उरलंय. तुमची स्वतःची शक्यताही अर्धीच आहे. या सोमवारी पुतण्याबरोबर तुमचीही वेळ घ्या, आणि जमलं तर त्याच्या आधी टेबलावर तुम्ही झोपा, त्याला शेजारी उभं करून. स्क्रीनवर काकांचं, म्हणजे तुमचं, हृदय हलताना दिसलं की तो स्वतःहून शर्ट काढेल. रिपोर्टच्या तीन झेरॉक्स सोबत न्या, मूळ प्रत डॉक्टरकडे सोडू नका.